खेलो इंडिया पॅरा गेम्समध्ये सिटिंग व्हॉलीबॉल हवा की नको?

मैदानवेडा
हांगझोउच्या एशियन पॅरा गेम्समधून (स्पर्धा 2022 ची, झाली 2023 मध्ये) आपण 111 पदकं आणली. छाती फुगली, फुगायलाच हवी. पण तिथल्या सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या जमिनीवर बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये, पुरुषांचं सुवर्ण नेलं इराणने, महिलांचं चीनने. आपण त्या चित्रात कुठे? खेलो इंडिया पॅरा गेम्स 2023 मध्ये दिल्लीत सुरू झाले तेव्हा सात खेळ होते, 2025 मध्ये सहा. गळाला कोण, तर फुटबॉल, म्हणजे नेमका सांघिक खेळ. त्या जागी सिटिंग व्हॉलीबॉल घ्यावा असं माझं मत. बोला.

हिशेबी
नको. बारा जणांना सांभाळायचं, शिबिरं घ्यायची, आणि पदकतक्त्यात भर पडणार एकाची. तेवढ्यात भालाफेक-गोळाफेकीचे किती जण तयार होतील? आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत रौप्य आणलं ते एकट्याने. शिवाय 1988 पासूनच्या दहा पॅरालिम्पिकमध्ये सिटिंग व्हॉलीबॉलची पुरुषांची आठ सुवर्णं इराणची, उरलेली दोन बोस्नियाची. त्यांच्याकडे 2.46 मीटर उंचीचा मोर्तेझा मेहरजाद आहे. बसूनसुद्धा त्याचा हात जाळीच्या वर कुठल्या कुठे जातो. त्याला ब्लॉक कोण करणार, तुम्ही?

मैदानवेडा
मेहरजाद 2016 ला आला. त्याआधीची पाच सुवर्णं कोणाच्या उंचीवर आली? इराण-इराक युद्धात पाय गमावलेल्या जवानांच्या हाती हा खेळ आला आणि तिथे रुजला. बोस्नियातही युद्ध आणि भूसुरुंग. दोघांकडे पैशाचा पूर नव्हता. या खेळाला व्हीलचेअर लागत नाही, हे विसरू नका. बास्केटबॉलची एक खेळण्याची खुर्ची घ्यायची म्हटलं तर घरचे हात जोडतात. इथे जयपूर फूट काढून बाकाशेजारी ठेवला की झालं.

रेषेवरची
मी पंच म्हणून काम करते, तेव्हा जरा खेळाबद्दल. आमच्याकडच्या शूटिंग व्हॉलीबॉलशी गल्लत नको, तो उभ्याने. इथे चेंडू मारताना बूड उचललं की फाऊल. ज्या हातांनी सरकायचं त्याच हातांनी चेंडू घ्यायचा, त्यामुळे चेंडू यायच्या आत जागेवर पोहोचला नाहीत तर संपलं. सर्व्हिससुद्धा जाळीवर ब्लॉक करता येते. पाहायला बसलेला माणूस पहिल्या सेटमध्ये "अरेरे" म्हणतो आणि दुसऱ्यात माझ्याशी पॉइंटवरून भांडतो. मला तरी हे पदकाइतकंच मोलाचं वाटतं. आणि हो, पुरुषांचा खेळ पॅरालिम्पिकमध्ये 1980 पासून आहे, महिलांचा 2004 पासून. इथे तरी दोन्ही एकदम सुरू करा.

तालुका_तालीम
ताई, दाखल्यांचं काय? आपल्याकडे 40 टक्क्यांचा दाखला मिळाला की दिव्यांग. बोगस दाखल्यांची बोंब रोज ऐकतो. घोट्याला जुनी दुखापत असलेला धट्टाकट्टा गडी संघात शिरेल आणि दोन्ही पाय नसलेला पोरगा बाकावर.

रेषेवरची
दाखला सवलतीसाठी. खेळाचं वर्गीकरण वेगळं, तपासणारेही वेगळे. व्हीएस1 आणि व्हीएस2 असे दोन गट. कमी व्यंगाचे, म्हणजे व्हीएस2 चे, बारांच्या संघात जास्तीत जास्त दोन आणि मैदानावर एका वेळी एकच. हा नियम तालुक्यापासून पाळला तर तुमचा पोरगा बाकावर राहणार नाही.

तालुका_तालीम
तालुक्यात पाळणार कोण, हाच तर प्रश्न आहे. वर्गीकरण करणारे जिल्ह्याच्या गावी तरी आहेत का? आणि खेळायचं कुठे? आमचं मैदान मुरुमाचं. त्यावर बसून सरकलात तर कातडी सोलून निघेल.

मैदानवेडा
हॉल आहेत की. बॅडमिंटन कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर. हा खेळ 10 बाय 6 मध्ये होतो, सरावापुरता त्यात आरामात बसतो. जाळी पुरुषांना 1.15, महिलांना 1.05 मीटरवर. क्रीडा संकुलात लाकडी कोर्ट असेल तर नव्याने बांधायचं काहीच नाही.

हिशेबी
कोर्ट आहे, पण ते मिळणार कधी? संध्याकाळी सहा ते नऊ डॉक्टर आणि व्यापारी मंडळींचं वर्षाचं बुकिंग. त्यांना हलवून दाखवा.

मैदानवेडा
हलवायचं कशाला? दहा ते चार कोर्ट ओस पडलेलं असतं.

हिशेबी
दहा ते चार तुमचा खेळाडू झेरॉक्सच्या दुकानात बसलेला असतो. त्याची मजुरी कोण देणार ते आधी लिहा, मग मी खेलो इंडियाचं बघतो.