झेन्याटाची ती एकमेव हार, जॉकीची चूक होती का?

टापांचाआवाज:
काल झोप येईना म्हणून २०१० ची ब्रीडर्स कप क्लासिक, अमेरिकेतली मोठी घोड्यांची रेस, परत बघितली. १९ पैकी १९ जिंकून आलेली सहा वर्षांची घोडी झेन्याटा, आदल्या वर्षी हीच रेस नरांना हरवून मारलेली, आणि चर्चिल डाउन्स रेसकोर्सला ब्लेम नावाच्या घोड्याकडून फक्त हेडने, म्हणजे डोक्याएवढ्या अंतराने गेली!! जॉकी माइक स्मिथ नंतर रडत म्हणाला चूक माझीच. तुम्हाला काय वाटतं?

पिवळंतिकीट:
जिंकणाऱ्याचं नाव ब्लेम आणि ब्लेम घेतला जॉकीने 😅 हो, चूकच. सुरुवातीला एवढी मागे ठेवतात का?

जुनारेसवाला:
अहो पण तिची स्टाइलच ती, मागून यायचं आणि शेवटच्या स्ट्रेटमध्ये सगळ्यांना गिळायचं, १९ वेळा हेच चाललं तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. मला विचाराल तर खरा घोळ ट्रॅकचा. कॅलिफोर्नियात तिच्या रेसेस सिंथेटिकवर (कृत्रिम ट्रॅकवर) व्हायच्या, डर्टवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, ती आधी फक्त ओकलॉन रेसकोर्सला दोनदा पळालेली (दोन्ही जिंकली म्हणा). डर्टवर मागे राहिलं की पुढच्यांच्या टापांची माती थेट तोंडावर येते, आपल्या महालक्ष्मीच्या हिरवळीवर तेवढा त्रास नाही. त्यात वळणावर क्वालिटी रोड या घोड्याला वळसा घालावा लागला, तेवढ्यात ब्लेम आतून सुटला. आणि रेस १० फर्लांगची (साधारण २००० मीटर), म्हणजे आपल्या इंडियन डर्बीपेक्षा ४०० मीटर कमी, भरून काढायला जागा कुठाय.

लगाम_सैल:
सगळे घोडीबद्दलच बोलतायत, ब्लेमला कुणीच विचारत नाही. चर्चिल डाउन्स त्याच्या पायाखालचं होतं, क्लार्क आणि स्टीफन फॉस्टर या रेसेस तिथेच मारलेल्या. त्याचा जॉकी गॅरेट गोमेझने शेवटपर्यंत दम टिकवला त्याचा. तरी हॉर्स ऑफ द इयरचं बक्षीस झेन्याटालाच दिलं, हे मला आजही पटत नाही, समोरासमोर हरवलं ना त्याने?

टापांचाआवाज:
ब्लेमचं मान्य. पण काका, टापांच्या मातीचं डोक्यातच नव्हतं आलं, आज परत बघतो, पहिल्या वळणापर्यंतच. बाकी ट्रेनर शिरेफ्स झेन्याटाला गिनेस बिअर पाजायचा हे माहितीये का कुणाला? त्या रात्री तिच्यापेक्षा स्मिथलाच जास्त गरज होती.