हॉरर फक्त इटलीचा? मग आमच्या जिन्यात काय होतं?

गच्चीवरचा_दिवा
परवा पिवळा_हातमोजा यांनी ठोकून दिलं : “युरोपात हॉरर कळला तो इटलीला. इंग्रजांनी नाटकं केली, जर्मनांनी सावल्या रंगवल्या, स्वीडनने बर्फ दाखवला आणि स्पेनने इटलीची कॉपी मारली.” पहिले तीन टोमणे मी गिळले. चौथा, स्पेनचा, घशात अडकलाय, म्हणून हा धागा.

हुकूमशहा फ्रँकोच्या काळात स्पेनचा नट पॉल नाशी लांडगामाणसाचे सिनेमे काढत होता. सेन्सॉरचं म्हणणं, स्पॅनिश माणूस असला लांडगा-बिंडगा होत नसतो. मग नायकाला पोलंडचा केला, नाव वाल्देमार दानिन्स्की. भूतही परप्रांतीयच पाहिजे! १९७६ साली तिथल्याच दिग्दर्शक इबान्येझ सेर्रादोरने तर भर उन्हात घाबरवलं. बेटावरचं पांढऱ्याफटक भिंतींचं गाव, आणि पोरं मोठ्यांना मारत सुटलेली. लाल-निळे दिवे नाहीत की वादळी रात्र नाही. हे इटलीच्या कुठल्या पानावरून उतरवलं, दाखवा.

आणि स्पेनचाच ‘रेक’, २००७. बार्सिलोनातली जुनी इमारत, आत फायर ब्रिगेडबरोबर आलेली टीव्हीवाली मुलगी, बाहेरून पोलिसांनी दार सील केलेलं. एका पोरीला ताप, आई म्हणते टॉन्सिल्स आहेत. शेजारी एकमेकांवर खापर फोडतायत.

२०२० च्या मे महिन्यात आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगच्या दारात बांबू आडवे बांधले. चार मजले, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना ताप होता, काकू सगळ्यांना सांगत होत्या, “उन्हाचा आहे.” दूध दोरीला बांधलेल्या बादलीतून वर यायचं. रात्री जिन्यात कुणी खोकलं की खालपासून वरपर्यंत एकेक कडी लागायची. खट. खट. खट. आमची शेवटची. त्याच आठवड्यात मी ‘रेक’ पुन्हा लावला आणि अर्ध्यात बंद केला. आता मला इटालियन सिनेमातल्या रंगीत काचा फुटण्याची भीती दाखवू नका.

पिवळा_हातमोजा
कडीची गोष्ट झकास. पण ती तुमच्या जिन्याची, सिनेमाची नव्हे. तुम्ही त्या आठवड्यात ‘चांदोबा’ वाचला असता तरी घाबरला असतात.

इटलीच्या मारियो बावाचा १९६० चा सिनेमा घ्या. चेटकिणीच्या तोंडावर आतून खिळे असलेला मुखवटा ठेवतात आणि वरून घण घालतात. ब्रिटनने तो १९६८ पर्यंत दाखवू दिला नाही. नाटकं करणाऱ्यांना पेलला नसावा. इटलीच्या खूनपटांना म्हणतात ‘जाल्लो’, म्हणजे पिवळा, १९२९ पासून मोंदादोरी प्रकाशन काढत आलेल्या रहस्यकथांच्या पिवळ्या मुखपृष्ठांवरून. त्या चार आण्याच्या मालातून दिग्दर्शक आर्जेंतोने काय उभं केलं! खुन्याचे काळे हातमोजे घालून पडद्यावर बऱ्याचदा तो स्वतःचेच हात दाखवायचा. १९७७ च्या ‘सस्पिरिया’तला तो लाल रंग आणि वर गॉब्लिन बँडचं संगीत. गोष्टीला अर्थ नाही, मान्य. दुःस्वप्नाला कधी असतो?

स्टॉकहोमची_सून
“बर्फ दाखवला” वाचून चहा सांडला. ‘लेट द राइट वन इन’, तो लहान पिशाचाचा सिनेमा, स्टॉकहोमच्या ज्या ब्लॅकेबेरीत घडतो, त्याच्या पुढे दोन स्टेशनं मी राहते. नोव्हेंबरात दुपारी तीनला अंधारतं. अंगणात एखादं पोर एकटंच उभं दिसलं की मी चालण्याचा वेग वाढवते, लाज वाटते पण वाढवते. (बर्फाबद्दल टोमणा मारायचाच होता तर हा मारायचा : बरंचसं शूटिंग बर्फाच्या खात्रीसाठी पार उत्तरेला लूलिओत केलंय.)

तुमच्या इटालियन सिनेमात मात्र ओठ एक बोलतात आणि आवाज भलतीकडून येतो. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलणार, मग स्टुडिओत सगळ्यांवर आवाज चिकटवणार. मला हसू फुटतं. इथे लहान मुलांचे सोडले तर सिनेमे डब करत नाहीत. माणसाचा खरा आवाज हवा, तरच भीती खरी.

पिवळा_हातमोजा
खरा आवाज? ताई, तुमच्या लाडक्या स्वीडिश सिनेमातली ती एली. चेहरा एका मुलीचा आणि आवाज दुसरीचा आहे. दिग्दर्शकाला जाड आवाज हवा होता म्हणून सगळे संवाद डब केले. पंधरा वर्षं घाबरताय ते डबिंगलाच.

स्टॉकहोमची_सून
शोधून पाहिलं. खरंय. अभिनंदन, माझी रविवारची संध्याकाळ घालवलीत. पण तिथे कळत नाही, तुमच्याकडे कळतं. फरक तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

काडीलावे
डबिंगचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझी आई ७४ वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सबटायटल वाचून होईस्तोवर माणूस मेलेला असतो. मग विचारते, “हा का मेला?” मी पॉज करून सांगतो, तोवर भीतीचा चोथा. तेलुगू सिनेमा हिंदीत मिळतो, कोरियन हिंदीत मिळतो, मराठीत विचारलं की सगळे हसतात. आणि इथली जाणकार मंडळी म्हणणार मूळ भाषेतच बघा. वाचता येणाऱ्यांची मिजास आहे ही.

गच्चीवरचा_दिवा
आईंबद्दल समजू शकतो, पण डबिंग एवढं गरीब गाय नाही. मुसोलिनीने १९३० मध्ये परक्या भाषेतल्या बोलपटांवर बंदी घातली, फ्रँकोने १९४१ मध्ये डबिंग सक्तीचं केलं. आवाज आपल्या हातात आला की गोष्टही येते. ‘मोगॅम्बो’ या हॉलीवूडच्या सिनेमात विवाहितेचं प्रेमप्रकरण स्पॅनिश सेन्सॉरला खपेना, म्हणून डबिंगमध्ये नवरा-बायकोला भाऊ-बहीण केलं. आता एका खोलीत राहणारी ती भावंडं बघून प्रेक्षकांनी काय समजायचं? हॉररच झाला तो.

काडीलावे
म्हणजे माझी आई फॅसिस्ट?

गच्चीवरचा_दिवा
असं कुठे म्हटलं मी? वाचा तरी नीट.

काडीलावे
वाचायचीच तर अडचण आहे, साहेब. तेच सांगतोय मघापासून.

नाना_फडताळे
पोरांनो, आवाजावर काय भांडताय, मूकपटात तो नव्हताच. “सावल्या रंगवल्या” हे हातमोजेबुवांनी खिजवायला लिहिलं, पण अक्षरशः खरं आहे. १९२० च्या ‘कॅलिगरी’ या जर्मन मूकपटात सावल्या सेटच्या पडद्यांवर आणि जमिनीवर रंगानेच काढल्यात. ‘नोस्फेरातू’ तर ड्रॅक्युलावर परवानगी न घेता बेतलेला. ड्रॅक्युलाचा लेखक स्टोकर, त्याच्या विधवेने दावा लावला आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. तरी वाचला. एवढा चिवट पिशाच तुमच्या इटलीत आहे का?

आणि घरचं विसरू नका. १९४९ चा ‘महल’ कुणी चित्रित केला? म्युनिकच्या योसेफ विर्शिंगने. बॉम्बे टॉकीजचा कॅमेरामन. महायुद्धात त्याला शत्रूदेशाचा नागरिक म्हणून डांबून ठेवलं होतं. मी फिल्म सोसायटीत तो सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा मधेच वीज गेली. अंधारात दहा मिनिटं कुणी उठलं नाही. खोकललंसुद्धा नाही.

पिवळा_हातमोजा
नाना, नमस्कार. पण म्युनिकहून आलेला प्रत्येक कॅमेरामन ‘कॅलिगरी’चा वारसदार कसा? तो सेट बर्लिनचा. उद्या कोल्हापूरच्या माणसाला दादरच्या रंगभूमीचं श्रेय द्याल.

नाना_फडताळे
वारसदार म्हटलेलं नाही. ‘महल’मधल्या झोपाळ्याचा प्रसंग आवाज बंद करून बघा आणि मग बोला. आणि कोल्हापूरला दादरचं श्रेय द्यायची गरज नाही, त्यांचं स्वतःचं पुष्कळ आहे.

पिवळा_हातमोजा
बरं. उन्हातल्या त्या पोरांसाठी स्पेनला एक गुण. कॉपी हा शब्द त्या एका सिनेमापुरता मागे, बाकीच्यांसाठी कायम. ‘रेक’ला अर्धा, तोही तुमच्या काकूंना. काका बरे झाले का?

गच्चीवरचा_दिवा
झाले. ताप उन्हाचा नव्हता. काकू अजूनही उन्हाचाच म्हणतात.

काडीलावे
आईला धागा वाचून दाखवला. विचारतेय, तो पोलंडचा लांडगा मराठीत कुठे मिळेल.