१९६९ कॅमेरो झेड/२८: ब्लॉकवरचे नंबर आणि तारखा जुळतात का?

जुनापिस्टन:
ओहायोत १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो विकायला आहे. विकणारा म्हणतो, अस्सल झेड/२८ (कॅमेरोची वेगवान आवृत्ती), इंजिन मूळ ३०२ (घनइंच), मॅचिंग नंबर्स, म्हणजे इंजिनावरचे नंबर गाडीच्या नंबरांशी जुळणारे. पाहणी करताना हे टिपलं:

ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) मागे ओतीव नंबर ३९७००१०. मागच्याच बाजूला उजवीकडे ‘एफ ५ ९’. पुढच्या पॅडवर (नंबर ठोकायच्या सपाट जागेवर) पंच केलेलं ‘व्ही०४१० डीझेड’ आणि शेजारी ‘१९एन’ व पुढे सहा आकडे. हे सहा आकडे डॅशवरच्या व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) प्लेटशी जुळतात. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीवरच्या) टॅगवर ‘०४सी’ आणि ‘एक्स७७’ आहे.

डीझेड म्हणजे ३०२ एवढं माहीत आहे. एवढ्यावर इंजिन मूळ मानायचं का? अजून काय तपासू?

कास्टआयर्न:
थांबा, पैसे देऊ नका. तुम्ही लिहिलंय तसंच ब्लॉकवर असेल, तर हे इंजिन या गाडीचं असूच शकत नाही.

आधी ओतीव आणि पंच केलेले नंबर वेगळे करा. ओतीव अक्षरं उठावदार असतात. ती फाउंड्रीच्या साच्यातून येतात आणि नंतर बदलणं जवळपास अशक्य. पंच केलेली अक्षरं खोलगट. ती कारखान्यात ठोकली जातात आणि गॅरेजमध्येही ठोकता येतात. म्हणून दोघांत विसंगती दिसली की ओतीव आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

‘एफ ५ ९’ ही ओतकामाची तारीख. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एलपर्यंत डिसेंबर. एफ म्हणजे जून. मग दिवस आणि शेवटी वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे ब्लॉक ५ जूनला ओतला.

‘व्ही०४१० डीझेड’ ही इंजिन जुळणीची खूण. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०४१० म्हणजे १० एप्रिल, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२. टॅगवरचं ‘०४सी’ म्हणजे बॉडी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली.

क्रम नेहमी असा: आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. ओतकाम आणि जुळणीत काही दिवस ते काही आठवडे जातात, क्वचित जास्तही. पण जूनमध्ये ओतलेला ब्लॉक एप्रिलमध्ये जुळवला कसा?

आता नंबर ३९७००१० बद्दल. लोक तो बघून खूश होतात, पण त्यावरून ३०२ सिद्ध होत नाही. ३०२, ३२७ आणि ३५० या तिन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०० इंच, आणि हाच ब्लॉक तिन्हींना वापरला गेला. फरक स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या धावेत): ३०२ ला ३.०० इंच, ३२७ ला ३.२५, ३५० ला ३.४८. शिवाय हा नंबर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होता. म्हणजे तारखेतला एकटा ‘९’ १९६९ चा की १९७९ चा, तेही फक्त तारखेवरून कळत नाही. १९६९ च्या ३०२ मध्ये ३९५६६१८ हा ब्लॉकही येतो.

एक शक्यता मात्र तपासा. तारीख नीट वाचली का? बी ची वळणं झिजली तर ई वाटतो, सी आणि जी गोंधळात टाकतात. आरसा आणि टॉर्च घेऊन पुन्हा बघा. गंज खरवडू नका. कापडाने पुसून खडू घासा, उठाव स्पष्ट दिसतो.

डेकप्लेट:
कास्टआयर्न यांचं बरोबर आहे. मी फक्त पॅडबद्दल लिहितो, कारण बनवाबनवी तिथेच होते.

पॅड उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे, वॉटर पंपच्या मागे असतो. इथे डावं-उजवं गाडीत बसून पुढे बघताना धरायचं. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे असतो, त्यामुळे पॅड प्रवाशाच्या बाजूला. १९६९ पासून आल्टरनेटरही त्याच बाजूला आला आणि पॅड झाकतो. ब्रॅकेटचा बोल्ट सैल करून तो थोडा बाजूला घ्या.

रंग काढायला पेंट रिमूव्हर किंवा थिनर, सुती कापड आणि प्लास्टिकचा स्क्रॅपर. तारेचा ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर अजिबात नको. कारखान्यात डेक (हेड बसतो तो ब्लॉकचा पृष्ठभाग) ब्रोच करताना, म्हणजे यंत्राने तासताना, पॅडवर इंजिनाच्या लांबीला समांतर अशा बारीक सरळ रेषा उमटतात. मूळ पॅडचा सगळ्यात मोठा पुरावा त्या रेषाच, आणि एक मिनिट सँडपेपर घासलात तर तुम्हीच तो नष्ट कराल.

टॉर्च पॅडला जवळजवळ समांतर धरा आणि बघा:

– सरळ रेषा अक्षरांच्या आजूबाजूला आणि मधूनही जातात का? गोलाकार ओरखडे किंवा आरशासारखा गुळगुळीतपणा असेल तर पॅड घासलेला आहे.
– दोन ठशांत फरक दिसतो का? जुळणीचा कोड फ्लिंटला पडायचा, व्हीआयएनचा भाग नॉरवूडच्या कारखान्यात गाडी बनताना. दोन कारखाने, वेगळे पंच. अक्षरांची धाटणी आणि खोली हुबेहूब सारखी असेल तर एकाच हाताने ठोकल्याचा संशय घ्या.
– आकड्यांखाली जुन्या आकड्यांची सावली दिसते का?

डेक प्रामाणिक कारणानेही घासला जातो. ओव्हरहॉलमध्ये मशीन शॉप सरफेसिंग करतं आणि मूळ ठसे जातात. पण मग पॅड कोरा राहायला हवा. घासल्यानंतर कोणी नंबर पुन्हा ठोकले, तर त्यांना पुराव्याची किंमत उरत नाही.

जुनापिस्टन:
पुन्हा जाऊन पाहिलं. अक्षर एफच आहे. पॅडवर सरळ रेषा नाहीत, बारीक गोल ओरखडे आहेत. दोन्ही ठशांची अक्षरं एकाच मापाची वाटतात. पण टॅगवरच्या एक्स७७ चं काय? गाडी तरी खरी आहे ना?

कास्टआयर्न:
मग पंचिंग नंतरचं. इंजिन मूळ नाही असं धरूनच पुढे बोला.

एक जागा राहिली. १९६९ मध्ये काही ब्लॉकवर व्हीआयएनचा भाग पॅडऐवजी ऑइल फिल्टरच्या वरच्या खडबडीत भागावर ठोकला जायचा. पुन्हा पंच करणाऱ्यांचं तिकडे लक्ष जात नाही. तेल आणि काजळी साफ करून बघा. दुसऱ्याच गाडीचा नंबर निघाला तर वाद मिटला.

गाडीचा प्रश्न वेगळा. त्या वर्षीच्या कॅमेरोच्या व्हीआयएनमधून फक्त व्ही-८ आहे एवढंच कळतं (१२४ ने सुरू, सहा सिलिंडरची १२३ ने). झेड/२८ त्यात लिहिलेलं नाही, म्हणूनच ब्लॉकला इतकं महत्त्व. एक्स७७ म्हणजे साधी झेड/२८, एक्स३३ म्हणजे स्टाइल ट्रिम असलेली. नॉरवूडच्या टॅगवरची ही खूण चांगली आहे, पण नकली टॅगही विकत मिळतात. रिव्हेट मूळ वाटतात का बघा. व्हीआयएनचा लपलेला ठसा फायरवॉलवर हीटर बॉक्सच्या मागे आणि वायपरजवळच्या काउल पॅनेलखाली असतो. तो डॅशच्या प्लेटशी जुळलाच पाहिजे.

गिअरबॉक्स विसरू नका. झेड/२८ फक्त फोर-स्पीड मॅन्युअल. मन्सी कारखान्याच्या या बॉक्सवरही व्हीआयएनचा भाग असतो आणि ‘पी९डी०८बी’ अशा धर्तीचा कोड: पी मन्सी, ९ वर्ष, डी एप्रिल, मग दिवस, शेवटी ए, बी किंवा सी म्हणजे एम२०, एम२१ किंवा एम२२ (गिअरबॉक्सचे तीन प्रकार). या कोडात महिन्यांची अक्षरं इंजिनासारखी नाहीत: मेपर्यंत सारखी, पण जूनला एच आणि जुलैला के.

डेकप्लेट:
आत खरंच ३०२ आहे का हेही बघा. स्पार्क प्लगच्या भोकातून काठी घालून स्ट्रोक मोजू नका. भोक तिरकं असल्याने माप चुकतं. ऑइल पॅन उतरवा. ३०२ चा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) फोर्ज्ड म्हणजे घडीव असतो, त्यावरची जोडरेषा रुंद असते; ओतीव क्रँकची रेषा बारीक. मेन कॅप (क्रँक धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) चार बोल्टच्या हव्यात. हेडवर ३९२७१८६ आणि होली कार्ब्युरेटरवर लिस्ट ४०५३ असेल तर भाग त्या काळाचे आहेत, पण हे सगळे बदलता येणारे भाग. त्यांची किंमत वेगळी धरा.

विकणाऱ्याकडे प्रोटेक्ट-ओ-प्लेट मागा, म्हणजे पहिल्या मालकाला वॉरंटीसोबत मिळालेली धातूची पट्टी. इंजिनाचा मूळ कोड त्यावर उमटलेला असतो. ती, लपलेले ठसे आणि मन्सी जुळले, तर ‘खरी झेड/२८, इंजिन बदललेलं’ या भावाने बोलणी करा. मॅचिंग नंबर्सचा भाव देऊ नका. आणि करारात इंजिन मूळ नसल्याचं लिहून घ्या, पुढे तुम्ही विकाल तेव्हा लागेल.