नांदूर मधमेश्वरचा गाळ काढा म्हणणाऱ्यांना

दुर्बीणवाला: काल 'खोलपाणी' यांनी लिहिलंय, 'गाळ उपसा, पाणवेली (जलपर्णी) ओढा, तळं खोल नि आरशासारखं करा, पक्षी दुप्पट होतील.' वाचता वाचता चहा गार झाला माझा. अहो, 1907 ते 1913 दरम्यान नाशिक जिल्ह्यातला हा नांदूर मधमेश्वर बंधारा बांधला तो सिंचनासाठी. गोदावरी-कादवेनं गाळ आणून भरला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, म्हणून तर पक्षी आले! चमचा हा पक्षी उथळ पाण्यात चोच डावी-उजवी फिरवत चरतो. त्याला आता पोहायला शिकवायचं? जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा, म्हणजे उथळ पाण्यातल्या उंच गवतासारख्या झाडाचा, दांडा पायाच्या बोटांत धरून आतला पांढरा गाभा खाते, आपण ऊस सोलतो तशी. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते याच चिखलावर.

गोदाथडी: दुर्बीण घरी ठेवून आमच्या गोदाकाठच्या सायखेड्याकडे या, गाळानं पाणी कसं मागं तुंबतं ते बघा. ऑगस्ट 2019 ला आमच्या ओट्यावर कंबरभर पाणी होतं. धान्याच्या कोठीला कोंब फुटले. चिखलाचं कौतुक रविवारी येणाऱ्यांना! तोच गाळ द्राक्षबागेत पडला तर सोनं आहे.

दुर्बीणवाला: पाणवेल काढाच, ती सांडपाण्यावर पोसलेली परकी ब्याद आहे. पाणकणीस नका उपटू. दोन्ही हिरवं दिसतं म्हणून एकच नसतं.

खोलपाणी: मी चांगल्यासाठीच लिहिलं होतं. तळ्यात सगळ्या त्या काळ्या कोंबड्याच तर आहेत. त्यांच्यासाठी एवढा आटापिटा?

दुर्बीणवाला: वारकरी म्हणतात त्यांना.

कोकणकर: चांदवा. कपाळावर चांद दिसतो म्हणून.

दुर्बीणवाला: अंग बुक्क्यासारखं काळं, कपाळी गंध. वारकरीच.

कोकणकर: वारकऱ्याचं गंध इतकं पांढरंफेक कधी असतं? वारीत गेलायत का कधी?

दुर्बीणवाला: सात वेळा. आळंदीपासून, पायी. तुम्ही?

कोकणकर: गुडघे दुखतात हो. पण नाव चुकलं ते चुकलं.

गोदाथडी: इथं घरात पाणी शिरतंय आणि तुमचं बारसं चाललंय! बरं, बेटं राहू द्या पक्ष्यांना. फुगवट्याकडचा गाळ मात्र आम्ही नेणार.

दुर्बीणवाला: विणीच्या दिवसांत जेसीबी आणणार नसाल तर माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण गिळतो.

गोदाथडी: उपकार झाले. पाणवेली ओढायला कधी येताय? गमबूट लागतील, कॅमेरा नाही.

कोकणकर: चांदवाच.