मदत हवी आहे: उथळ सरोवरात शिडाची होडी पलटली, डोलकाठी गाळात रुतली

राम राम मंडळी.

मी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातला. पंधरा वर्षं नौदलात होतो, आता घरी मोसंबीची बाग बघतो. माझं सुरुवातीचं ट्रेनिंग आयएनएस चिल्कावर झालं, ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठी. शिडाचा दोर पहिल्यांदा हातात धरला तो तिथंच. माझा एक बॅचमेट नोकरीनंतर तिथंच, सरोवराकाठच्या बालुगावला राहिला. त्याच्याकडे एंटरप्राइज क्लासची जुनी होडी आहे, तेरा फुटी, दोन माणसांची. दोन-तीन वर्षांतून एकदा मी जातो. नांदेडहून नागावली एक्स्प्रेसनं विजयनगरम, तिथून गाडी बदलून बालुगाव.

यंदा मार्चमध्ये पुतण्याला सोबत नेलं. वय 19, विहिरीत पोहायला शिकलेला, पण एवढं पाणी कधी बघितलेलं नाही. चिलिका लांबीला 64 किलोमीटर आहे, पावसाळ्यात ते अकराशे चौरस किलोमीटरच्याही पुढं पसरतं. पण खोली? उन्हाळ्याच्या तोंडावर कितीतरी ठिकाणी माणूस उभा राहील एवढीच. घरच्यांनाही मी हेच सांगून निघालो होतो, "पाणी छातीएवढंच आहे, काळजी करू नका." हे बोलणं आता मला टोचतंय.

सकाळी सगळं छान होतं. दुपारी दक्षिणेकडून वारं उठलं. उथळ पाण्याच्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात, आखूड आणि उभ्या येतात, एकीतून होडी सावरते तोवर दुसरी अंगावर. परतताना वारा पाठीशी होता. शीड अचानक एका बाजूचं दुसऱ्या बाजूला फिरलं आणि होडी आडवी झाली. इथपर्यंत ठीक, आडवी झालेली होडी मी आधी उभी केलेली आहे. पण पाणी साधारण सहा फूट आणि डोलकाठी वीसेक फूट. होडी थोडी अजून कलली आणि काठीचं टोक खाली गाळात गेलं.

मी नेहमीसारखा सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली सोडायच्या फळीवर, उभा राहिलो आणि मागं रेलून जोर लावला. काठी हलेना, उलट टोकाकडून वाकायला लागली. पुतण्या पाण्यात उतरून ढकलायला गेला तर गुडघ्यापर्यंत रुतला. लाइफ जॅकेटमुळं डोकं वर राहिलं, पण पाय निघेना. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटी मासेमारीच्या एका नावेनं येऊन आम्हाला सोडवलं. काठी वर आली तेव्हा शिडाच्या टोकाला दोन-अडीच फूट काळा चिकट गाळ लिंपलेला होता, त्यात बारीक शिंपले. पुतण्याच्या पोटऱ्या शिंपल्यांनी चिरल्या होत्या.

पोराला परत यायचंय, मलाही त्याला न्यायचंय. म्हणून विचारतो. टोक रुतलं तर ओढायचं कोणत्या दिशेनं? मुळात रुतूच नये म्हणून काय करता येतं? आणि सेंटरबोर्ड पूर्ण खाली सोडला तर जवळपास मीटरभर पाणी लागतं, अर्धा उचलला तर होडी वाऱ्याबरोबर आडवी सरकते. उथळ पाण्यात तुम्ही तो किती ठेवता? सरावासाठी नाथसागर जवळ आहे, पण ते 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं तिथं परवानगीशिवाय होडी घालणार नाही.

डोलकाठी_मुंबई:
काका, दोघं सुखरूप आहात हे महत्त्वाचं. काठी रुतली की सेंटरबोर्डवर किंवा होडीच्या अंगावर अजिबात चढायचं नाही. तुमच्या वजनानं काठी आणखी आत जाते, नाहीतर वाकते. आधी शिडाचे दोर मोकळे करा. जमलं तर शीड उतरवूनच घ्या, कारण गाळ भरलेलं शीड दोघांना उचलत नाही. मग काठी ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर ओढायची, आडवी उपटायची नाही. म्हणजे होडीलाच काठीच्या टोकापासून लांब, हळूहळू खेचायचं. मदतीची नाव असेल तर तिलाही हेच सांगा, झटका देऊ नका म्हणावं. आणि गाळात पाय टेकवायचा नाही. पाठीवर तरंगत राहायचं, एक हात होडीला.

गोदाकाठ:
आम्ही पैठणचे, घरात तीन पिढ्या मासेमारी. शिडाचं मला कळत नाही, पण उथळ पाण्याचं सांगतो. आमचे आजोबा काठावर बसून आधी पाण्याचा रंग बघायचे. वारं सुटलं की उथळ भागातलं पाणी गढूळ होतं, खोल भागाचं उशिरा. लांबवर गढूळ पट्टा दिसला की जाळं तसंच सोडून माघारी. दुसरं, लांब बांबू सोबत ठेवा. खोली मोजायला, गाळ किती हे बघायला आणि अडकलं तर ढकलायलाही. तिकडच्या नावेतही होताच ना?

डोलकाठी_मुंबई:
बांबूचं अगदी बरोबर. डोलकाठीच्या टोकाला तरंगणारं काही बांधा, काका. पाच लिटरचा घट्ट बुचाचा रिकामा कॅनही चालतो. पाण्याखाली गेला की पाचेक किलोनं वर उचलतो आणि तेही वीस फुटांच्या टोकावर, त्यामुळं होडी आडवी होऊन तिथंच थांबते, पुढं कलत नाही. वाऱ्याला थोडा अडथळा होईल, तो सोसा. सेंटरबोर्ड: वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जाताना जेवढा मावेल तेवढा खाली, वारा पाठीशी असताना जवळजवळ वर. तळाला घासल्याचा थरथराट हाताला लागला की लगेच उचला. आणि वारा वाढला असेल तर पाठीशी वारा घेऊन शीड फिरवूच नका, तोंड वाऱ्याकडं करून वळा. जास्त वेळ लागेल, पण तुमचं पलटणं टळलं असतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मी नेमका चढलोच होतो, म्हणून ती वाकली, हे आता कळलं. हो, त्या नावेत बांबू होता. नावाड्यानं आधी बांबू टोचून गाळ बघितला आणि मगच नाव जवळ आणली. तेव्हा मला तो उगीच वेळ घालवतोय असं वाटलं होतं. आज बॅचमेटला फोन केला, काठी सरळ करायला दिलीय. कॅन बांधायला टोकाशी कडी नाही. शीड वर चढवायच्या दोरालाच कॅन बांधला तर शीड उतरवताना अडकेल का? कुणी करून बघितलं असेल तर सांगा.