'काल आशबो' म्हणून गेलेला प्लंबर कधी येणार?

मिरजकर_सध्या_कोलकाता:
बदली होऊन आलोय, तिसरा महिना. टालीगंजला भाड्याने राहतो. परवा बाथरूमचा नळ गळायला लागला. प्लंबर आला, डोकावला आणि "काल आशबो" म्हणून गेला. अरे, काल कसा येणार तू? हिंदीतला 'कल' माहीत आहे हो, पण कानावर 'काल' पडलं की डोक्यात मिरजच शिरते. घरमालकीण काकीमा कुणाबद्दल तरी सारखं 'तिनि, तिनि' करत होत्या. मला वाटलं, सासूबद्दल बोलतायत. अर्ध्या तासाने उलगडलं, ते त्यांचे वारलेले यजमान! सलूनमध्ये 'बाल' कापायचेत म्हणालो तर अख्खं दुकान हसलं. का, ते कुणी सांगेना. बंगाली लिपी थोडी वाचता येते, पण वाचून बोललो की समोरचा "की?" म्हणजे "काय?" करतो. कसं शिकायचं हे?

साताऱ्याची_बौदी:
दादा, आधी सलूनचं. केसांना 'चुल' म्हणायचं. 'बाल' ही इथे शिवी आहे, पुढचं विचारू नका. माझं लग्न होऊन महिना नव्हता झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चुलटा बेंधे नाओ." मी रडायलाच लागले. इतक्यात वेगळी चूल मांडायला सांगतात? त्या बिचाऱ्या केस बांध म्हणत होत्या.

'काल' सोडा, क्रियापद ऐका. 'आशबो'मधला 'बो' म्हणजे पुढचं, त्यामुळे तो उद्या येणार. 'काल एशेछिलाम' म्हणाला असता तर येऊन गेला होता. 'तिनि' मानाचं, बाई असो की बुवा. साधं असेल तर 'शे'. क्रियापदाला लिंगच नाही, मीही 'जाबो' आणि नवराही 'जाबो'. म्हणून तर बावीस वर्षांनीही आमचे हे माझ्या माहेरी "मी आली" म्हणतात आणि भाऊ खाली मान घालून हसतो.

आणि वाचून बोलू नका. लिहितात लक्ष्मी, म्हणतात 'लोक्खी'. विमानाचं 'बिमान', सोमवारचा 'शोम्बार'. कानाने शिका. कुणी 'बोका' म्हणालं तर मांजर शोधू नका, मूर्ख म्हणतायत. 'राग' मात्र आपलाच, तो आला की कळतोच.

जुन्या_पुस्तकांचा_वेडा:
शिकता येतं हो. सखाराम गणेश देऊस्कर घरचे मराठी, जन्म झारखंडमधल्या देवघर गावाजवळचा, पण लिहिलं ते बंगालीत. १९०४ सालच्या त्यांच्या पुस्तकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, म्हणजे सरकारलाही नीट समजलं असणार. तुम्ही मात्र पुस्तकं राहू द्या. सकाळी माछेर बाजारात, म्हणजे मासळी बाजारात जाऊन "दादा, कॉतो कोरे?" (कसे दिले?) विचारत फिरा. भाव ऐकून आकडे आपोआप पाठ होतील.

मिरजकर_सध्या_कोलकाता:
बौदी, दंडवत. काकीमांना चुलीचा किस्सा सांगितला, त्या अजून हसतायत.

प्लंबर आज आला, वायसर बदलला. निघताना "आशि दादा" म्हणाला. हे लगेच कळलं, आपण 'येतो हं' म्हणतो तसंच. पण संध्याकाळपासून नळ परत गळतोय, तेव्हा हा खरंच येणार.