गॉस्पेलची जुनी ध्वनिमुद्रणं : तुम्हाला ती कुठं भेटली?

मंडळी, गॉस्पेल म्हणजे चर्चमधली ख्रिस्ती भक्तिगीतं, मुख्यतः अमेरिकेतली. त्यावर हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी साताऱ्याकडचा. बावीस वर्षं आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतोय. गेल्या पावसाळ्यात भाच्यानं मोबाइलवर एक गाणं लावलं आणि म्हणाला, "मामा, जरा पेटीवाल्याच्या कानानं ऐका."

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिननं म्हटलेलं 'अमेझिंग ग्रेस'. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये, भरल्या सभेसमोर, दोन रात्रींत जे मुद्रण झालं त्यातलं. जवळजवळ अकरा मिनिटं चालतं. शब्द थोडेच, पण बाई पहिल्याच ओळीत घर करून बसते. ठेका नाही. साथीची वाद्यं नुसती सूर धरून आहेत. ती एका अक्षरावर जाते, फिरते, परत येते, आणि प्रत्येक वेळी समोरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडून दाद देतं. आमच्याकडे बुवा अभंगाचं एक चरण घोळवत बसले की मागचे टाळकरी आपोआप पुढे सरकतात, तसंच अगदी. चित्रफितीत पियानोवरचे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड गाणं चालू असतानाच रडू लागतात. मला इंग्रजी बेताचंच कळतं. तरी त्या रात्री मी ते पाच वेळा ऐकलं.

तुम्हाला ही गाणी कशी भेटली, कशामुळे राहिली, ते लिहा. गाण्याची माहिती असेल तर ती द्याच, पण आधी स्वतःचं सांगा.

वसईहून

आमच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मराठीत आणि गायनही मराठीतच. कॉलेजात असताना गायकवृंदाच्या सरांनी नाताळासाठी 'ओ हॅपी डे' बसवायला घेतलं. मूळ गीत अठराव्या शतकातलं, फिलिप डॉड्रिज नावाच्या इंग्रज पाळकाचं. कॅलिफोर्नियातल्या एडविन हॉकिन्सनं त्याला नवी चाल दिली आणि तरुणांच्या गायकवृंदाकडून बर्कलीच्या चर्चमध्ये ते गाऊन घेतलं. मुद्रण होतं वृंदाला चार पैसे मिळावेत म्हणून केलेलं, थोड्या प्रतींचं. पुढं १९६९ मध्ये ते रेडिओवर वाजलं आणि जगभर गेलं.

आमची सगळी अडचण टाळीची. आम्ही लहानपणापासून टाळी समेवर देणारे. इथं टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हवी. सर म्हणायचे, "एक गिळा, दोनवर द्या." तीन आठवडे आम्ही एक गिळत होतो. पाय एकवर आणि हात दोनवर, असं एकदाचं जमलं तेव्हा सगळा वृंद आपोआप डावी-उजवीकडे झुलायला लागला. झुला असं कुणी सांगितलं नव्हतं. मूळ मुद्रण आजही लावलं की माझे हात दोनवरच पडतात.

अहिल्यानगरहून

आमच्या घरी दोन गाणी होती. एक आजीचं, एक वडिलांचं.

आजी पहाटे चूल पेटवताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं म्हणायची. टिळकांनी ख्रिस्ताला ओवीत आणि अभंगात आणलं, त्यामुळे तिला ती कधी परक्याची वाटलीच नाहीत. 'उपासना संगीत'ची तिची प्रत कडेला तेलकट झाली होती. ती अजून आमच्याकडे आहे.

वडिलांचा मात्र अमेरिकेचा गायक जिम रीव्हज. देशातल्या किती ख्रिस्ती घरांत त्याच्या कॅसेट होत्या ते विचारू नका. 'वुई थँक दी' या १९६२ च्या ध्वनिमुद्रिकेची आमच्याकडे कॅसेट होती आणि रविवारी जेवणं झाली की ती लागायची. इतरांनी मोठ्या आवाजात म्हटलेली भक्तिगीतं हा माणूस माइकला जवळजवळ ओठ लावून, खालच्या पट्टीत, शेजारी बसून सांगितल्यासारखी म्हणतो. १९६४ मध्ये विमान अपघातात गेला. वडिलांना ते माहीत होतं आणि तरी ते त्याच्याबद्दल वर्तमानकाळातच बोलायचे. "जिम या ओळीला घाई करत नाही बघ."

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल मी फार नंतर ऐकलं. त्याची ताकद वेगळी, मान्य आहे. पण माझ्यासाठी रविवारची दुपार म्हणजे जिम रीव्हजच.

शिकागोजवळून

मी इथं नोकरीसाठी आले तेव्हा खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मूळच्या मिसिसिपीच्या, लहानपणी आईवडिलांबरोबर रेल्वेनं शिकागोला आलेल्या. मी त्यांना 'मॅम' म्हणायचे, त्या मला 'बेबी'. एकदा त्यांचं जड सामान वर चढवून दिलं तेव्हा म्हणाल्या, बस, तुला काहीतरी ऐकवते.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी होती. महेलिया जॅक्सन, 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर'. मुद्रण १९४७ चं. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि हे गाणं तेवढ्यात बसणारं नव्हतं. म्हणून अर्धं एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू संपली. आजींनी सुई उचलली, तबकडी दोन्ही तळव्यांत कडांनी धरून उलटी केली, फुंकर मारली. एवढा वेळ त्या स्वतः गात होत्या! सुई पुन्हा टेकेपर्यंत गाणं तुटू द्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. त्यांच्या आईची. मग महेलियाचा आवाज आला आणि या गप्प बसल्या, जणू वीणा दुसऱ्याच्या हाती दिली.

आज मी तेच गाणं फोनवर ऐकते. मधली फट कुणीतरी सफाईनं जोडून टाकली आहे. पण मला ती जागा पाठ आहे. तिथं मी आजींचा आवाज ऐकते.

महेलिया १९११ ची, न्यू ऑर्लिन्सची. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी गायली. भारतातही येऊन गेली, १९७१ मध्ये. पुढच्याच जानेवारीत, २७ तारखेला वारली. म्हणजे धागाकर्त्यांनी लिहिलेल्या अरेथाच्या त्या दोन रात्रींनंतर अवघ्या दोन आठवड्यांनी.

नागपूरहून

मी आकाशदर्शनवाला. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहां हो', हेही आपण अभिमानानं सांगतो. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन आहे. टेक्ससचा अंध गायक, रस्त्यावर गाणारा. 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' हे त्यानं डिसेंबर १९२७ मध्ये डलासला मुद्रित केलं. शीर्षक एका जुन्या भक्तिगीताचं, पण त्याचे शब्द तो म्हणतच नाही. नुसता हुंकार आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा सूर.

मी दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकतो. गोव्यातल्या केरीची बाई आणि टेक्ससचा तो माणूस, एकाच डब्यात बसून सूर्यमालेबाहेर चाललेत. त्या माणसाला आयुष्यभर गरिबीनं सोडलं नाही. मला दरवेळी भरून येतं.

कोल्हापूरहून, थोडक्यात

गिटार शिकणाऱ्यांनी सिस्टर रोझेटा थार्प या गॉस्पेल गायिकेला बघितल्याशिवाय राहू नये. मे १९६४, मँचेस्टरचं वापरात नसलेलं रेल्वे स्टेशन. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर ही, नुकता पाऊस पडून गेलेला. कोट घातलेला, गळ्यात पांढरी गिब्सन गिटार, आणि गाणं सुरू केलं तेही पावसाचंच. प्रार्थनेची गाणी नाइटक्लबात नेली म्हणून चर्चवाले तिच्यावर रागावले होते. तिनं दोन्हीकडे गायचं सोडलं नाही. १९७३ मध्ये गेली आणि कित्येक वर्षं तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. हे वाचलं त्या दिवशी मी रियाजाला बसलो तो उठलोच नाही.

धागाकर्ता

वसईकर, ते 'एक गिळा' मी मंडळात सांगितलं. पखवाजवाल्यानं करून बघितलं आणि म्हणाला, अवघड आहे, पण गोड आहे.

एक राहिलं होतं ते लिहितो. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द जॉन न्यूटनचे. हा माणूस गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. पुढे पाळक झाला, गीत लिहिलं, १७७९ मध्ये ते छापलं गेलं. ज्यांना साखळदंडांनी बांधून नेलं त्यांच्या लेकरांनी हे गाणं उचललं आणि असं गायलं की आज ते ऐकताना आधी त्यांचेच आवाज कानात येतात. हे कळल्यापासून माझं ऐकणं बदललं. त्यांनी कप्तानाला माफ केलं की नाही हे मला सांगता येणार नाही. पण गाणं त्यांनी आपलं करून घेतलं.

पुण्याहून

लिहू की नको करत चार दिवस काढले.

२००९ मध्ये माझी बायको बाळंतपणात गेली. रक्तस्राव थांबला नाही. मी बाहेरगावी होतो, तारीख अजून दहा दिवस पुढे होती. फोन आला तेव्हा बसस्टँडवर उभा होतो.

वर्षभरानं एका सहकाऱ्यानं मला थॉमस डॉर्सीची गोष्ट सांगितली. शिकागोचा पियानोवादक. तरुणपणी 'जॉर्जिया टॉम' या नावानं ब्लूज, म्हणजे चर्चबाहेरचं लौकिक संगीत, वाजवायचा, नंतर चर्चच्या संगीतात आला. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुइसला कार्यक्रमासाठी गेला असताना तार आली : बायको बाळंतपणात गेली. तो परतला आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्या दिवसांत त्यानं पियानोवर बसून 'प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड' रचलं. जुन्या एका भक्तिगीताची चाल बोटांखाली होती, शब्द आतून आले. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते आवडतं गाणं. ४ एप्रिल १९६८ ला, गोळी लागण्याच्या काही क्षण आधी, आज रात्री ते वाजवा असं त्यांनी वादकाला सांगितलं होतं. त्यांच्या अंत्यविधीत महेलियानं ते म्हटलं.

मी देवधर्म फारसा करत नाही. पण त्या गाण्यात कुणी काही समजावत नाही, नशीब म्हणत नाही, काळ औषध आहे म्हणत नाही. थकलोय, हात धर, एवढंच मागतो. मला तेवढंच पुरत होतं. दोन वर्षं मी ते कार्यालयात जाताना गाडीत ऐकायचो, गाडी लावल्यावर थोडा वेळ तसाच बसून राहायचो.

माझं बाळ वाचलं. ती आता सोळाची आहे. मागच्या महिन्यात हा धागा तिला वाचून दाखवला आणि अरेथाच्या त्याच दोन रात्रींतलं 'प्रेशस लॉर्ड' लावलं. तिनं एका कानात तार, एका कानात मी, असं ऐकलं. मध्येच हात वर करून म्हणाली, "बाबा, थांबा, मागे घ्या. तिच्या मागून कुणीतरी हो म्हणतंय."

मागे घेतलं. इतकी वर्षं ऐकतोय, पण त्या आवाजाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.